डाव्या पायावरचा माणूस

कणकवली
६ ऑक्टोबर २०२४

सीतामावशी,

आधी पाया पडते, मग काय रागवायचं ते रागव. बरेच दिवस पत्र नाही हे मला माहीत आहे. फोनवर तुला ऐकू येत नाही, आणि मी ओरडले की शेजारच्यांना वाटतं आमच्याकडे भांडण चाललंय. म्हणून पत्रच बरं.

सोबत कागदाची गुंडाळी आहे. जपून सोड, आत काका आहेत.

तूच म्हणालीस ना, मार्गशीर्षात वर्षश्राद्ध आहे, तोवर भिंतीवर लावायला गुरुदासकाकांचं काहीतरी कर. त्यांचे फोटो म्हणजे बोटीवरच्या नोकरीच्या ओळखपत्राचे, आणि त्यांत ते पकडून आणल्यासारखे दिसतात. म्हणून मी त्यांना लिनोवर कोरलंय. शाळेत मी मुलांना बटाट्याचे ठसे करायला शिकवते, त्याचाच हा थोरला भाऊ समज. जमिनीवर अंथरतात तसल्या लिनोलियमचा तुकडा घ्यायचा, कोरणीने कोरायचा, रोलरने शाई फिरवायची आणि वर कागद ठेवून पळीच्या पाठीने घासत बसायचं. दंड भरून आलेत माझे.

चेहरा शोधू नको, केलेला नाही. नाक-डोळे काढले म्हणजे माणूस सापडतोच असं नाही. तो उभा कसा राहतो, खांदा कुठे टाकतो, त्यातच तो असतो असं मला वाटतं. मी सात वर्षांची असताना मे महिन्यात तुझ्याकडे राहायला होते, आठवतंय? काका रोज संध्याकाळी कुंपणापलीकडच्या माडाखाली उभे असायचे. घराकडे पाठ, समुद्राकडे तोंड, एक हात कमरेवर, खांद्यावर पंचा. नंतर ते कायमचे घरी आले तेव्हा काठी टेकत चालणारे म्हातारे झाले होते. पण माझे काका म्हणजे तो पाठमोरा माणूस. कोरताना मला रडू आलं, खरंच सांगते.

बाकी रंग मागाहून.

तुझी रसिका


निवती
१४ ऑक्टोबर

रसिका बाय,

तुझी गुंडाळी पोचली. सोडून बघितली आणि हातातच राहिली. अगो, पिवळा माणूस! नखापासून केसापर्यंत पिवळाजर्द! तुझे काका हृदयाने गेले, काविळीने नाही गेले. करायला गेलीस गणपती नि झाला मारुती, दुसरं काय म्हणू?

आणि रंग मागाहून म्हणतेस ते कसे? पोस्टाने येणार काय? आले तर ते लावायचे कोणी? माझा हात थरथरतो, आणि एका डोळ्यात मोतीबिंदू. पुढच्या आठवड्यात कुडाळला जाऊन काढून घेणार आहे.

तरी म्हटलं, पोरीने जीव ओतून केलंय. पडवीत टांगलं. आणि खोटं कशाला बोलू, दुसऱ्या दिवसापासून मला ते बघवेना आणि बघितल्याशिवाय राहवेना. का ते मला विचारू नको.

मग धोंडूभावजी आले. तुझ्या काकांचे धाकटे भाऊ, शेजारच्याच घरात राहतात. आम्हाला पोरबाळ नाही, तेव्हा श्राद्धाला तेच बसणार आहेत. चित्रासमोर उभे राहिले, चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणतात, "वयनी, हो दादा खंयचो? हो तर बाबली!"

बाबली मेतर तुला माहीत नसेल. याच वाडीतला, होडीवाला. तरणा असताना होडी ओढताना उजवा पाय खाली सापडला, तेव्हापासून सगळा भार डाव्या पायावर टाकून उभा राहतो. मी म्हटलं, "भावजी, डोळे फुटले काय तुमचे? चित्रातला माणूस उजव्या पायावर उभा आहे. बाबली कसा असेल?" तेव्हा चष्मा खिशात घातला. घरी गेले, पण जाताना दोनदा मागे वळून बघितलं.

ते राहू दे. तू काकांना असं उभं बघितलंस ते वर्ष कोणतं, ते एकदा आठव. नाही आठवलं तरी चालेल.

आई बरी आहे ना? तिला म्हणावं, गोड कमी खा.

सीतामावशी


कणकवली
२१ ऑक्टोबर

मावशी,

तुझं पत्र वाचून मी इतकी हसले की चहा नाकात गेला. चूक माझीच. ते चित्र पुरं झालेलं नव्हतंच! तो नुसता पहिला रंग. तुला आधीच बघायला मिळावं म्हणून पाठवला, आणि तू टांगून मोकळी झालीस.

कसं असतं ते सांगते. माझ्याकडे लिनोचा तुकडा एकच. त्याच्यावरून सगळ्या कागदांवर पहिल्यांदा पिवळा छापायचा. मग जिथे पिवळाच राहायला हवा तेवढा भाग कोरून काढायचा आणि त्याच तुकड्यावरून लाल मारायचा. मग आणखी कोरायचं आणि गडद निळा मारायचा. प्रत्येक रंगाला तुकडा कमी कमी होत जातो. शेवटी चित्र पुरं होतं तेव्हा लिनोवर जवळजवळ काही उरलेलं नसतं. म्हणून ते पुन्हा छापता येत नाही. सोबत लाल झालेला कागद पाठवतेय. आता खांद्यावर आणि पंचाच्या कडेला तेवढा पिवळा राहिलाय, मावळतीचं ऊन पडल्यासारखा. बघ आता काका वाटतात की नाही.

आणि पायाचं म्हणशील तर तुझंही बरोबर आणि धोंडूकाकांचंही. लिनोवर जे डावीकडे ते कागदावर उजवीकडे येतं, आरशासारखं. म्हणून मुळात उलटं काढायचं असतं, ते मी विसरले. ड्रॉइंगची बाई असून विसरले, कोणाला सांगू नको! माझ्या डोळ्यांसमोर काका डाव्याच पायावर उभे आहेत, उजवा जरासा सोडलेला. लिनोवर डावाच आहे, छापताना उजवा झाला. धोंडूकाकांना सांग, माणूस डाव्या पायावरचाच होता, रसिकाने फिरवला.

वर्ष मला आठवत नाही. आईला विचारीन.

हा बाबली कोण गो? काकांचा मित्र का?

रसिका


निवती
५ नोव्हेंबर

रसिका,

तुला काय म्हणू तेच कळत नाही.

तुझं पत्र आलं तेव्हा माझ्या डोळ्याला पट्टी होती. आमचं वर्ष पाळायचं म्हणून घरात दिवाळी नाही, पण शेजारणी पोहे घेऊन आल्या होत्या, पडवी भरलेली. धोंडूभावजी म्हणाले, द्या वयनी, मी वाचून दाखवतो. मी दिलं. मला काय ठाऊक आत काय आहे? आणि मला ऐकू येत नाही म्हणून भावजींनी सभेत वाचल्यासारखं वाचलं. पाणंदीतून जाणारासुद्धा थांबून ऐकत होता. माणूस डाव्या पायावरचाच होता, रसिकाने फिरवला. हे वाक्य त्यांनी दोनदा वाचलं.

पोहे खायचे राहिले. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. शेजारच्या चंदनची आई उठून गेली आणि तिच्या मागून बाकीच्या.

मग भावजी मला म्हणाले, "तो बाबली भिंतीवरसून काढा, नायतर मी पिंडाक बसूचंय नाय." मी म्हटलं, पोरीची आठवण ती, लहान होती, चुकली असेल. तर म्हणतात, पोर चुकते, पाय चुकत नाही. खाई त्याला खवखवे म्हणून माझ्याकडेच बघत होते.

आता तू एक कर. तो पाय सरळ कर. दोन्ही पायांवर नीट उभा राहू दे माणूस. डोक्यावर बोटीवरची टोपी घाल, हातात बॅग दे, काय वाटेल ते कर, पण तुझे काका दिसले पाहिजेत. आणि तो लाल मी भिंतीला लावलेला नाही, गोधडीखाली ठेवलाय. पिवळाही काढला. भिंत आता मोकळी आहे आणि येणारा जाणारा त्या मोकळ्या भिंतीकडेच बघतो.

नवरा मेला तेव्हा वाटलं नाही इतकं आता मेल्यासारखं वाटतंय. श्राद्ध झालं नाही तर मी त्यांना काय तोंड दाखवू?

बाबली कोण म्हणून पुन्हा विचारू नको.

सीतामावशी


कणकवली
१२ नोव्हेंबर

मावशी,

कसं लिहू कळत नाही, पण लिहिते. माझ्या पत्राने तुझी पडवी रिकामी झाली. मला फार वाईट वाटतंय.

पाय सरळ करणं माझ्या हातात नाही. या कामात फक्त काढता येतं, घालता येत नाही. कोरलेलं पुन्हा भरत नाही, आणि पिवळा नि लाल सगळ्या कागदांवर बसून गेलाय. टोपी नाही, बॅग नाही. तू म्हणत असशील तर फोटोवरून दुसरं चित्र करते. श्राद्धाच्या आत होईल.

पण मला एक सांगायचंय. मी आईला वर्ष विचारलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "त्या मे महिन्यात गुरुदासभावजी घरी होते कुठे? ते बोटीवर होते. सीता एकटी म्हणून तर तुला सोबतीला धाडली." मी म्हटलं, नाही आई, मी काकांना रोज बघितलंय. ती म्हणाली, काहीतरी तुझं.

तेव्हापासून माझं डोकं चालेनासं झालंय. काका घरी नव्हते, तर माडाखाली रोज कोण उभं होतं? ज्याला आठवून मी रडले तो माणूस कोण? आणि ज्या काकांसाठी रडायचं होतं, त्यांचं मला काहीच आठवत नाही. काठी आणि खोकला, बस. इतकी वर्षं मी भलत्याच माणसाला काका समजत आले काय?

तू विचारू नको म्हणालीस, म्हणून विचारत नाही. पण तो निळा रंग मारायचा राहिलाय, आणि तो लावायला माझा हातच उठत नाही.

रसिका


निवती
२० नोव्हेंबर

रसिका बाय,

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. सांगायला दुसरं कोण आहे मला?

लग्न झालं आणि वर्षाच्या आत तुझे काका बोटीवर गेले. घर हे असं वाडीच्या टोकाला, पुढे वाळू आणि समुद्र. जाताना बाबलीला म्हणाले, संध्याकाळची एक फेरी मार, ती एकटी आहे. बाबली तेव्हा त्यांचा जिवाभावाचा. तो यायला लागला. दिवेलागणीला माडाखाली येऊन उभा राहायचा, घराकडे पाठ करून, कोणी काही बोलू नये म्हणून. मी तुळशीकडे दिवा लावला की जायचा. पावसात डोक्यावर इरलं घेऊन यायचा. कुंपणाच्या आत एकदाही पाऊल टाकलं नाही. मी कधी चहा विचारला नाही, त्याने कधी पाणी मागितलं नाही. त्याची बायको लवकर गेली तेव्हा तेवढे दिवस आला नाही, पुन्हा यायला लागला. काका रजेवर घरी आले की येत नसे. ते गेले की दुसऱ्या दिवशी हजर.

हे सगळं इतकंच. झालं काहीच नाही. भावजींना वाटतं झालं. झालं असतं तर मला सांगता तरी आलं असतं, काय झालं ते! आता मी काय सांगू? एक माणूस पाठ करून उभा राहायचा, असं सांगू?

तुझे काका वाईट नव्हते. माझ्यावर हात उचलला नाही, पैसा वेळेवर पाठवला, माणूस सरळ. पण ते कायमचे घरी आले आणि बाबली यायचा थांबला, तेव्हा दिवा लावताना मला चुकल्यासारखं व्हायचं. नवरा आत खाटेवर, आणि मी वात पेटवून माडाकडे बघायची. याला काय म्हणतात? पाप म्हणतात काय? मी देवळात जाऊन उभी राहिले तरी मला कळलं नाही.

काका गेल्यावर वाटलं होतं, मी आता पुन्हा एकटी, येईल. नाही आला. लोकांच्या तोंडाला भितो. आता तुझ्या चित्राने तर सगळंच झालं.

तुझं पत्र मी चुलीत घातलं. हेही घाल.

भावजी रोज विचारतात, काय ठरलं? भटजींना सांगायचं आहे. फोटोवरून दुसरं चित्र कर म्हणून तुला कळवायला बसले होते. ते लिहायचं सोडून हे लिहिलं.

सीतामावशी


कणकवली
२६ नोव्हेंबर

मावशी,

तुझं पत्र मी जाळलं नाही. रागावलीस तर चालेल.

पाप म्हणतात का, मला माहीत नाही. तू मोठी, मी काय सांगू? पण एक आठवलं ते सांगते. लहान पोर समुद्र सोडून एका माणसाच्या पाठीकडे रोज कशाला बघेल? मी तुझ्या मांडीला टेकून बसायचे, आणि तू तिकडे बघायचीस. तू बघतेस म्हणून मी बघायचे. मी चित्र केलं ते तुझ्या बघण्याचं केलं, हे आत्ता माझ्या लक्षात येतंय. आधी कळलं असतं तर केलं असतं की नाही, कोण जाणे.

आता कामाचं. पाय सरळ होत नाही म्हटलं होतं, ते खरंच आहे. पण झाकता येतो. लिनोचा दुसरा कोरा तुकडा घ्यायचा, त्याला गडद निळी शाई लावायची आणि चित्राच्या कमरेखाली दाबायची. खालचं सगळं निळं होईल, माणूस कमरेपर्यंत पाण्यात उभा दिसेल. पाय दिसले नाहीत की भांडण मिटलं. पाठ कोणाचीही असते. धोंडूकाका बसतील श्राद्धाला, वाडीतले म्हणतील, दर्यात उभा असलेला गुरुदास. आणि तुला माहीत असेल तो कोण.

मला विचारशील तर मला काही ठरवता येत नाही. कधी वाटतं झाकावं, तुझे राहिलेले दिवस सुखाचे जावेत. कधी वाटतं, इतकी वर्षं तो उभा राहिला आणि आता आपण त्याचे पायच पुसायचे? शाई काढून ठेवलीय. तू सांगशील तसं. हे मात्र लवकर सांग, कागद वाळायला वेळ लागतो.

रसिका


निवती
३० नोव्हेंबर

रसिका,

पाय राहू दे.

भावजींना सांगितलं. ते बसणार नाहीत म्हणाले. भटजींना विचारलं, बायकोने केलं तर चालतं काय? ते म्हणाले, करणारं कोणी नसेल तर चालतं. मी म्हटलं, कोणी नाही असंच धरा.

निळा मारून लगेच पाठव. जास्त लिहीत नाही.

सीतामावशी


निवती
१९ डिसेंबर

रसिका बाय,

श्राद्ध झालं. तुला ताप होता, येऊ नको म्हणून मीच कळवलं होतं, तरी तू नव्हतीस ते बरं वाटलं नाही. आता नीट वाच, सगळं सांगते.

सकाळी मीच बसले. भटजी सांगतील तसं केलं. पिंडावर पाणी सोडताना काकांना मनात म्हटलं, तुम्ही त्याला सांगून गेलात, तुमचं सांगणं त्याने केलं, बाकी काय असेल ते तुम्हीच बघा. कावळा लगेच आला. लोक म्हणाले, लगेच शिवला. कावळा भुकेला होता की काका राजी होते, मला समजलं नाही. पण जीव हलका झाला हे खरं.

भावजी आले नाहीत. आपल्या पडवीत आमच्याकडे पाठ करून पेपर वाचत बसले होते. त्यांची बायको मात्र मागच्या दाराने आली, पदर खोचून वडे तळायला लागली. वाडीतले निम्मे आले, निम्मे नाही आले. काकांचा ओळखपत्राचा फोटो मोठा करून घेतला होता, तो माजघरात लावला, हार घातला. फोटोत ते पकडून आणल्यासारखेच दिसतात, पण तेच ते, काय करणार?

आणि तुझं चित्र पडवीत. निळा लागल्यावर काय झालंय गो ते! सगळा माणूस काळोखातला, आणि खांद्यावर तेवढी पिवळी रेघ. मी दोन दिवस त्याच्या समोरून हलले नव्हते.

बाबलीला मी जेवायला बोलावणं पाठवलं होतं. नुसतं नाही, शेजारच्या चंदनला सांगितलं, म्हणावं वयनीने गुरुदासच्या श्राद्धाला बोलावलंय, यायलाच पाहिजे. येईल असं वाटलं नव्हतं. पानं वाढायला घेतली आणि बघते तर पुढच्या खळ्यात, अंगणात, उभा. धुतलेला सदरा, केस पांढरेफटक. कितीतरी वर्षांनी त्याचं तोंड मी समोरून बघितलं. म्हातारा झालाय. मला ओळखायला क्षण लागला, इतकी मला पाठीची सवय.

म्हटलं, "भीतर ये." तो हलेना. पुन्हा म्हटलं. पडवीतले सगळे हातातलं काम टाकून बघत होते. मग पायरी चढला, आधी डावा पाय, मग उजवा ओढत, आणि चित्रासमोर येऊन थांबला.

"हो मी?" म्हणाला.

"तूच."

मान पुढे करून चित्र निरखायला लागला. मला वाटलं रागावला. लोक हसतील म्हणून परत जाईल असंही वाटलं. मी खांबाला धरून उभी होते. मग म्हणाला, "माझी पाठ मी कधी बघूक नाय." आणि माझ्याकडे वळून अगदी हळू म्हणाला. ऐकू आलं नाही, पण ओठ हलले ते मला बरोबर कळलं. "म्हंजे तू बघी होतंस."

मी म्हटलं, "होय."

मग त्याला पाटावर बसवलं आणि वाढलं. काळ्या वाटाण्याचं सांबारं गरम होतं, वडे मात्र गार झाले होते. तरी तो पोटभर जेवला.

सीतामावशी